वासाचा, बिनकटकटीचा गुलाब

चार माणसांना एक रिकामा कोपरा द्या, हातात खुरपं द्या आणि एक गुलाब लावायला सांगा. गुलाब लागो न लागो, किस्से मात्र हमखास लागतात. आमच्याकडे तर झाड कमरेएवढं व्हायच्या आत किस्से डोक्यावरून गेले. आता बिल्डिंगमध्ये कुणी नवीन राहायला आलं आणि फाटकाजवळच्या झाडाकडे बघून "छान आहे हो" म्हणालं, की आमच्यातलं कुणी ना कुणी त्याला थांबवतंच. बिचाऱ्याच्या हातात भाजीची पिशवी असते, लिफ्ट वर जाऊन परत खाली येते, आणि आमचं आपलं चालूच.

आधी माणसं सांगते. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या एका आडरस्त्यावर आमची चार मजली बिल्डिंग. त्यात मराठी घरं चारच. तळमजल्यावर गोविंदअण्णा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना मध्येच आपण कन्नड ऐकतोय की काय असं वाटतं. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं, आता मुलगा बघतो. दुसऱ्या मजल्यावर मी, पुण्याची. सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, बहुतेक दिवस घरूनच. माझ्या समोर मिलिंद, मुंबईचा, तिशीतला, एकटा राहणारा. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याने एक व्हिडिओ आधीच बघितलेला असतो. आणि तिसऱ्या मजल्यावर कुमुदताई, नागपूरच्या. यजमान गेल्यावर मुलगा अमोल त्यांना इकडे घेऊन आला. अमोल सकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीला जातो तो दिवेलागणीला परत येतो. मधला सगळा दिवस ताई, चार भिंती आणि कानडी बोलणारा शेजार.

सगळं सुरू झालं ते कुमुदताईंच्या नाकापासून.

* * *

त्या हिवाळ्यात ताईंना ताप आला. आठवड्याभरात ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. कांदा, हिंग, फिनेल, अत्तर, काहीच कळेना. चवही निम्मी गेली. डॉक्टर म्हणाले, परत येईल, पण कधी ते सांगता येत नाही.

ताईंनी ते फार मनाला लावून घेतलं. स्वयंपाक त्या आठवणीवर करायच्या आणि तो चांगलाच व्हायचा. पण एकच भीती धरून बसली होती, की एखाद्या दिवशी उतरलेली भाजी मुलाच्या डब्यात जाईल आणि आपल्याला कळणारही नाही. म्हणून दुपारी जिना उतरून, हातात वाटी घेऊन माझ्या दारात. "बघ नं, वास येऊन राहिला का?" मी वास घ्यायची, "चालेल" म्हणायची, त्या परत जिना चढायच्या. तोवर आमची ओळख म्हणजे लिफ्टमधलं हसणं. या वाटीने ती वाढली.

एकदा माझी मीटिंग चालू होती. कॅमेरा बंद, माइक बंद, अशी माझी समजूत. आमचे मॅनेजर प्रत्येकाला विचारत होते की नवीन व्हर्जन आज सोडायचं का. माझा नंबर आला आणि त्याच क्षणी ताईंनी वांग्याच्या भाजीची वाटी माझ्या नाकाखाली धरली. मी मनापासून वास घेतला आणि म्हणाले, "चालेल, काही प्रॉब्लेम नाही."

माइक चालू होता. "ओके, रोहिणी की तरफ से हाँ है," असं मॅनेजर म्हणाले आणि व्हर्जन सुटलं.

खरं सांगायचं तर ते व्हर्जन नंतर कधी अडलं नाही. मी फाइलवर फाइल तपासून सोडलेली कितीतरी अडली आहेत.

* * *

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ताईंना एक व्यायाम सांगितला. नाकाचा व्यायाम. रोज सकाळ-संध्याकाळ गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरीचं तेल एकेक करून नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि तो वास कसा होता ते आठवायचा प्रयत्न करायचा. नाक हळूहळू परत शिकतं म्हणे.

ताई शिस्तीच्या. अमोल येताना कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून लांब दांड्याचे लाल गुलाब आणून द्यायचा, आणि ताई सकाळ-संध्याकाळ बाल्कनीत बसून ते हुंगायच्या. लवंगेला कधीतरी नाकात किंचित झिणझिण व्हायची. गुलाबाला काहीच नाही. आठवडे गेले. एका दुपारी त्या वाटीशिवाय माझ्याकडे आल्या. हातात गुलाब होता. म्हणाल्या, आता बंद करते हे सगळं, आपलं नाक गेलं ते गेलं, मुलाला उगाच रोज फुलवाल्याकडे थांबायला लावायचं कशाला. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी तो गुलाब हातात घेतला आणि सवयीने नाकाशी नेला. परत नेला. पाकळ्या जरा चुरगाळून बघितल्या. मग समोरच्या मिलिंदला हाक मारली आणि त्यालाही वास घ्यायला लावला.

त्या गुलाबाला वासच नव्हता. कोबीच्या पानाला असेल तेवढाही नाही. विकायचे गुलाब टिकावेत, लांब जावेत म्हणून वाढवतात आणि त्यात वास मागे पडतो, असं मिलिंदने लगेच सांगितलं. व्हिडिओ बघितलेला होताच.

ताईंनी तो गुलाब मिलिंदच्या हातातून परत घेतला. "म्हणजे माझं नाक नापास नाही? पेपरच कोरा होता?"

आणि मग त्या हसल्या. ताईंना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हसता हसता त्यांनी त्या गुलाबाला अस्सल नागपुरी दोन शब्द सुनावले, ते इथे देत नाही.

त्याच दिवशी ठरलं. वास असलेला गुलाब आपणच लावायचा.

* * *

बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी फाटकाजवळचा एक कोपरा दिला. तिथे पूर्वी पंपाची खोली होती. ऊन चांगलं यायचं. अट एकच, झाड कटकटीचं नको. माळी मिळणार नाही, उन्हाळ्यात टँकरचं पाणी झाडाला मिळणार नाही, आणि फवारणीचा वास घरात आला म्हणून कुणाची तक्रार चालणार नाही.

आम्ही चौघं अण्णांच्या व्हरांड्यात बसलो. अण्णांनी कॉफी केली. बिनकटकटीचं झाड म्हणजे कसलं, यावर चर्चा सुरू झाली.

मिलिंदचं म्हणणं, एकदा नीट सेटअप केला की परत बघायला लागू नये. अण्णांचं म्हणणं, वर्कशॉपमध्ये त्यांचं एक जुनं लेथ होतं, तेल विसरलं तरी कुरकुर न करता चालायचं, झाड तसलं पाहिजे. मी म्हटलं, महिनाभर मी डेडलाइनमध्ये असले तरी ते मेलं नाही म्हणजे झालं.

ताईंची पाळी आली. अण्णांनी विचारलं, "अक्का, तुम्ही सांगा की."

"मला तर थोडी कटकट असलेलं चालेल," ताई म्हणाल्या. "रोज खाली यायला काही तरी कारण पाहिजे नं."

मग अण्णा उठले आणि म्हणाले, "सरी, ठरलं. चला नर्सरीत."

* * *

नर्सरी शहराबाहेर होती. अण्णांच्या जुन्या गाडीतून आम्ही चौघं गेलो. नर्सरीवाल्याला विचारलं, वास कुठल्या गुलाबाला आहे? तो म्हणाला, सगळ्यांनाच. बिनकटकटीचा कुठला? सगळेच.

आम्ही नाकं घेऊन कामाला लागलो. अण्णा एका टोकाने, मिलिंद दुसऱ्या टोकाने, मी मधून. शेवटी एका मोठ्या गडद लाल गुलाबापाशी तिघंही थांबलो. काय वास! गोडसर, दाट, देवघरासारखा. मिलिंद म्हणाला, हाच. अण्णा म्हणाले, हाच.

ताई मागून आल्या. त्यांनी फुलाकडे बघितलंही नाही. पान उलटं केलं, खालचे काळे ठिपके दाखवले, बुंध्याशी बोट लावून रोप हलवून बघितलं, ते कुंडीत गदागदा हललं. म्हणाल्या, हे झाड आजारी आहे, मूळ धरलेलं नाही, नका घेऊ. आम्ही म्हणालो, पण ताई, वास बघा ना. मग लक्षात आलं की काय बोलून गेलो.

ताईंना वाईट वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "मला वास येत नाही, म्हणून मला फसवता येत नाही."

आम्ही ऐकलं नाही. बहुमताने लाल गुलाब गाडीत बसला. घरी आणून कोपऱ्यात ठेवला, वास घ्यायला वाकलो, तर काहीच नाही. तिघांनी आळीपाळीने घेतला. नाहीच. मग अण्णांना आठवलं की त्या रांगेच्या मागच्या खांबाला नर्सरीवाल्याने उदबत्तीचा पुडाच्या पुडा पेटवून खोचलेला होता. डासांसाठी.

ते रोप काही आठवड्यांत गेलं. ताई त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. हे न बोलणं अण्णांना फार लागलं.

* * *

मग मिलिंदने सूत्रं हातात घेतली. त्याने ऑनलाइन एक परदेशी गुलाब मागवला. वर्णनात लिहिलं होतं, तीव्र सुगंध, देखभाल अत्यंत कमी. खोक्यातून काडी आली. काडीसोबत सूचनांची एक पुस्तिका आली, ती काडीपेक्षा जाड होती.

बंगळूरचा पाऊस सुरू झाला आणि त्या झाडाला बंगळूर मानवेना. पानांवर बुरशी. मिलिंद ऑफिसला जायच्या आधी मास्क लावून फवारणी करायचा, आल्यावर पानं पुसायचा, पाऊस आला की धावत खाली येऊन छत्री खोचायचा. एकदा त्याने या झाडापायी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ऑफिसात कारण सांगितलं, घरात आजारपण आहे.

गणपतीला तो मुंबईला गेला आणि नेमकी तेव्हाच एक कळी उमलली. पिवळट गुलाबी, दिसायला सुरेख. त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्यामागे आरतीची गडबड, इकडे आम्ही तिघं फुलाभोवती. त्याने पहिला प्रश्न विचारला, वास कसा आहे?

मी वाकले. ओल्या वर्तमानपत्रासारखा होता. अण्णा वाकले आणि नाक चोळत सरळ झाले. मिलिंद फोनमधून आमच्या तोंडांकडे बघत होता. इतक्या महिन्यांची त्याची मेहनत. मला ते सांगवेना.

ताईंनी फोन माझ्या हातातून घेतला. फुलावर वाकल्या, डोळे मिटले, छातीभर श्वास घेतला आणि म्हणाल्या, "फार गोड आहे रे. पेढा खा."

मिलिंद इतका खूश झाला की त्याने तिथल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, काकू म्हणाल्या गोड आहे! ताईंना वास येत नाही हे त्याच्या लक्षात यायला आरती संपावी लागली.

* * *

त्यानंतर अण्णांनी एक दिवस सहज सांगितलं की त्यांच्या थोरल्या बहिणीच्या घरी, दोन गल्ल्या पलीकडे, कुंपणाला पन्नीर गुलाबी आहे. लहानपणापासून बघतायत. कुणी पाणी घालत नाही, कुणी छाटत नाही, बहीण फक्त देवाला फुलं तोडते. आणि फुलं तोडली की सगळ्या ओट्यावर वास.

आम्ही तिघं एकदमच बोललो. हे आधी का नाही सांगितलं? अण्णा म्हणाले, "ते घरचं झाड हो. तुम्ही चांगलं गुलाब शोधत होता की."

आता यात एक गोंधळ झाला. इकडे पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. लग्नात पाहुण्यांवर शिंपडतात ते. त्या पाण्याचा गुलाब म्हणून पन्नीर गुलाबी. आपल्याकडे गुलकंदाला वापरतात त्या देशी गुलाबाच्या जातीतला. पण मिलिंदला ऐकू आलं पनीर. त्याला वाटलं, या गुलाबाला पनीरचं काहीतरी लागतं. विचारायचं तर अज्ञान दिसेल, म्हणून तो विचारतोय कशाला.

आम्ही काड्या आणल्या, बोटाएवढ्या जाड, ताईंनी तिरप्या छाटून कुंड्यांत खोचल्या. दोनेक दिवसांनी त्या कुंड्यांना मुंग्यांची रांग. ताईंनी पाळत ठेवली. सकाळी मिलिंद जिना उतरून आला, हातात पातेलं. दूध नासवून, पनीर गाळून, खालचं पाणी गार करून आणलेलं. ते तो एकेका काडीला प्रेमाने घालत होता.

ताईंनी वरच्या बाल्कनीतून विचारलं, "पाणी झाडाला घालून राहिला, मग पनीर कुठे आहे?"

पनीर तो रोज खात होता. आठवडाभर नुसती पनीर भुर्जी.

* * *

मिलिंदला आवरलं तर अण्णा सुरू झाले. आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस. आत काय चाललंय ते उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. दर दोन-तीन दिवसांनी ते काडी अलगद उपसायचे, चष्मा वर करून मूळ फुटलंय का बघायचे आणि परत खोचायचे. ताईंनी सांगून बघितलं, पोळी तव्यावर टाकली की जरा थांबावं लागतं, सारखी उलटली तर ती फुगत नाही. अण्णांना पटलं. दुसऱ्या दिवशी परत उपसली.

एकेक काडी वाळत चालली. दोन उरल्या, तेव्हा ताईंनी एक युक्ती केली. त्या दोन काड्यांची कुंडी गुपचूप पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवली. तिच्या जागी दुसरी कुंडी ठेवली आणि त्यात खराट्याच्या दोन जाडशा काड्या खोचल्या. फक्त मला सांगितलं.

अण्णा आपले नेमाने येऊन त्या खराट्याच्या काड्या उपसून बघायचे. मी खिडकीतून हसू दाबत बघायची. एक दिवस ताई माझ्याकडे बसल्या असताना ते दाराशी आले ते चेहरा उजळलेला. म्हणाले, "बातमी आहे. स्वल्प मूळ दिसायला लागलं."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी ताईंकडे. सांगायचं कसं?

सांगावं लागलं नाही. त्याच आठवड्यात टाकीमागच्या कुंडीत दोन्ही काड्यांना लालसर कोंब फुटले. ताईंनी कुंड्या परत बदलल्या. अण्णा अजून सगळ्यांना सांगतात की मूळ सगळ्यात आधी त्यांना दिसलं होतं.

* * *

दोन्हीतली जोमाची काडी हिवाळ्यात कोपऱ्यात जमिनीत लावली आणि झाडाने आमच्याकडे लक्ष देणं सोडून दिलं. उन्हाळ्यात पाण्याची ओरड झाली. ताई भाचीच्या लग्नाला नागपूरला गेल्या, मी डेडलाइनमध्ये, मिलिंद दौऱ्यावर. अण्णा तांदूळ धुतलेलं पाणी आठवलं की घालायचे, तेही आठवलं तर. बुंध्याशी पडलेला पाचोळा कुणी उचलला नाही. खत नाही, फवारणी नाही. ताई परतल्या तेव्हा झाडाला झुपक्याने फुलं होती. छोटी, फिकी गुलाबी, पाकळ्या विस्कटलेल्या. दिसायला अगदी साधी. पण फाटक उघडलं की वास आधी भेटायचा आणि मग बिल्डिंग.

आणि चोरी सुरू झाली. पहाटे फिरायला जाणारे एक गृहस्थ, पांढरे बूट, हातात पिशवी, फाटकातून हात घालून देवासाठी फुलं खुडायचे. अण्णांनी कन्नडमध्ये पाटी लावली. गृहस्थ पाटी वाचायचे आणि तोडायचे. मिलिंद म्हणाला, कॅमेरा लावू. ताई म्हणाल्या, मी बोलते.

सकाळी त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे, काय होतंय ते बघायला. गृहस्थांचा हात फुलावर आणि समोर ताई. ते ओशाळले. ताईंनी आपल्या नागपुरी हिंदीत विचारलं, वास येतो का याला? ते म्हणाले, खूप. ताई म्हणाल्या, मला येत नाही, कसा येतो ते सांगा.

गृहस्थ गोंधळले. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, एक फूल नाकाशी धरलं आणि बराच वेळ विचार केला. म्हणाले, लग्नाच्या हॉलच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटतं. आत खूप माणसं आहेत, अजून कुणी आपल्याला पाहिलेलं नाही, पण आता पाहतील.

ताईंनी स्वतः दोन फुलं तोडून त्यांच्या पिशवीत घातली.

तेव्हापासून तो नेमच झाला. गृहस्थ रोज थांबतात, वास घेतात आणि आज कसा आहे ते सांगतात. पावसाळी हवेत वेगळा, उन्हात वेगळा. एकदा ते चार दिवस आले नाहीत तर ताईंनी अण्णांना चौकशीला पाठवलं. अण्णांनी लावलेली पाटी अजून आहे. तिच्यावर आता गृहस्थ आपली टोपी अडकवतात.

मिलिंदला वाटलं आपणही सांगावं. तो म्हणाला, काकू, गुलाबजामच्या पाकासारखा येतो. ताईंनी विचारलं, "वेलची टाकलेल्या की बिनवेलचीच्या?" तो परत वास घ्यायला गेला.

* * *

आता हा शेवटचा, मागच्या श्रावणातला.

रविवारची सकाळ. आम्ही झाडाच्या वाळक्या फांद्या काढत होतो. अण्णांनी कुठूनतरी निंबोळी पेंडीचं पोतं आणलं होतं, मुळाशी घालायला. पेंडीचं पोतं ज्याने उघडलंय त्याला तो वास सांगायला नको. मिलिंद तोंडाला रुमाल लावून पार भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. मी श्वास रोखून, मान वळवून फांद्या गोळा करत होते. अण्णा मात्र मांडी घालून बसले होते आणि दोन्ही हातांनी पेंड चोळून मातीत मिसळत होते. कोपरापर्यंत हात भरलेले.

अण्णांचा एक नेम सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. पहाटे गार पाण्याने अंघोळ, मग देवपूजा, मग कपाळाला गंध. हे झाल्याशिवाय ते कॉफीचा घोट घेत नाहीत. बंगळूरच्या थंडीत नाही, तापात नाही, मुलाच्या लग्नाच्या धावपळीत नाही. तळमजल्यावरून बादलीचा आवाज आला की वरचे लोक उठतात.

ताई खाली आल्या. रोजच्यासारखं आधी एक फूल दोन्ही हातांत धरलं, डोळे मिटले, वास घेतला आणि मान हलवली. नाही. त्यात आता दुःख राहिलं नव्हतं, रोज देवाला नमस्कार करावा तसं ते झालं होतं. मग म्हणाल्या, आणा, पाणी मी घालते, आणि अण्णांच्या बाजूची झारी घ्यायला वाकल्या.

वाकल्या आणि थांबल्या. हळूच एक पाऊल मागे सरकल्या. त्यांनी अण्णांकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग परत अण्णांकडे. चेहऱ्यावर संकोच. सख्ख्या भावाला चारचौघांत कसं बोलावं, असा. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या,

"अण्णा, राग नका मानू. आज अंघोळ राहिली का तुमची?"

मिलिंदने तोंडावरचा रुमाल काढला.

अण्णांनी हातातल्या पेंडीकडे पाहिलं. मग मान वर करून ताईंकडे पाहिलं. कपाळावरचं गंध अजून ओलं होतं.

"हो अक्का," ते म्हणाले. "राहिली आज."